आमच्या कारखान्यात क्लॅम्प तुटत नाहीत

"तुटला तो आपला नव्हे. तो वहीत लिहायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

कारखान्यात पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी अण्णांनी मला हा नियम सांगितला. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. महाडला गांधारी नदीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा छोटा कारखाना आहे. एक भट्टी, एक लेथ, एक ड्रिल, आणि माल एकच, तो म्हणजे क्लॅम्प. सुतार दोन फळ्या सरसाने चिकटवतात, तेव्हा त्या दाबून धरायला जो लोखंडी शिकंजा लावतात, तो. इंग्रजी सी अक्षरासारखा सांगाडा, त्यातून जाणारा आट्यांचा स्क्रू आणि स्क्रू पिळायला आडवी दांडी. बस, एवढंच!

पण एवढ्याशा वस्तूवरून माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की मैत्रिणी विचारतात, "सुमन, तू कामाला जातेस की तमाशाला?" किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. लेथखाली लोखंडाचा चुरा साचतो तसे ते साचतात. चुरा निदान संध्याकाळी झाडून पोत्यात भरता येतो. हे माझ्या डोक्यातलं पोतं मात्र आता शिवणीवर उसवलंय. तेव्हा ऐकाच.

* * *

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. बाबा मुंबईला गिरणीत. अण्णांनी त्यांना कळवलं, "लग्न ठरेपर्यंत पोरगी घरी बसून काय करणार? माझ्याकडे टेस्टिंगला येऊ दे." मला वाटलं, वा! अण्णांना विज्ञानाची कदर आहे. नंतर कळलं, गिऱ्हाईक आलं की "ही आमची बी.एस्सी." असं म्हणून बोट दाखवायला त्यांना कुणीतरी हवं होतं!

मी मात्र मनापासून लागले. लाकडाचा ओंडका एकच, दांडीला अडकवायचा पाइप एकच, पाइपच्या टोकाला टांगायची वजनं तीच. म्हणजे प्रत्येक क्लॅम्पवर सारखाच जोर येणार. मग कुठला टिकतो, कुठला वाकतो, कुठल्याचे आटे घसरतात, ते लिहायचं. दाजीमिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत होते. दाजी म्हणजे आमची भट्टी सांभाळणारे. साठी उलटलेली, अण्णांचा उजवा हात. म्हणाले, "वजनं टांगायला ह्यो काय भुसार मालाचा दुकान हाय?"

तिसरा क्लॅम्प कडाड करून तुटला. मी पेन उचललं, तेवढ्यात दाजींनी तुकडे उचलले आणि भंगाराच्या ढिगावर फेकले.

"लिवू नको गो. तुटला तो आपला न्हवं."

"मग कुणाचा? शेजारच्या पिठाच्या गिरणीचा?"

दाजी अण्णांकडे वळले. "शेट, पोरगी शिकली हाय. पन समज नाय तिला!"

* * *

दाजींची स्वतःची टेस्टिंगची पद्धत होती. क्लॅम्प दोरीला टांगायचा, हातोडीने हलकेच ठोकायचा आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर माल पक्का. बदबद आला तर आत तडा. पद्धत खोटी नाही. कुंभाराचं मडकंही आपण तसंच वाजवून घेतो. फक्त त्यासाठी कान लागतो!

एकदा मी गंमत केली. टोपलीतून एक क्लॅम्प काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ठोकला, डोळे मिटले. "देवळातली घंटा! पास."

मी टोपलीपाशी जाऊन वळले आणि तोच क्लॅम्प परत आणला. "ह्यो फुटका. भट्टीत टाक."

तिसऱ्यांदा तोच. "हां! ह्यो कसा, मुंबईच्या मालावानी!"

मी म्हटलं, "दाजी, तिन्ही वेळा एकच क्लॅम्प होता."

ते जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "मंग मदल्या टायमाला तू डाव्या बाजूला हुबी व्हतीस. त्या कानान मला आयकू येत नाय."

असा माणूस तीस वर्षं आमचा माल पास करतोय!

* * *

आता विलायती क्लॅम्पविषयी सांगते. आजोबा मुंबईला गोदीत होते, तेव्हा त्यांनी कुठून तरी आणलेला हा बोटभर जाडीचा घडीव लोखंडाचा क्लॅम्प. तो अण्णांच्या टेबलामागच्या कपाटात, लाल कापडात. खंडेनवमीला बाकी हत्यारांना एकेक फूल, त्याला झेंडूचा हार! कारखान्याच्या पाटीवर रंगवलंय, "विलायतीच्या तोडीस तोड". प्रत्येक गिऱ्हाइकाच्या एका हातात तो आणि दुसऱ्या हातात आमचा देऊन अण्णा म्हणायचे, "बघा, वजनाला सारखाच आहे की नाही?"

वजनाला सारखा! वरवंटाही वजनाला सारखा भरेल!

मी म्हटलं, "अण्णा, तोडीस तोड म्हणताय, तर एकदा दोन्ही माझ्या ओंडक्यावर लावू. तेवढाच जोर, तेवढेच फेरे. काय ते कळेल."

अण्णांचा चेहरा असा झाला, जसं काही मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण खेळायला मागितला. "तो आवळायचा?"

"क्लॅम्प आहे ना तो?"

"तो आवळायचा नसतो, सुमे. तो दाखवायचा असतो!"

अण्णा जेवायला घरी गेले होते, त्या दुपारी मी तो काढला. लावला, वजनं टांगली. पाच वजनं झाली, सहा झाली. आमचे तीन क्लॅम्प त्याच्याआधीच तुटून पडले होते. सातव्या वजनाला विलायतीचा सांगाडा किंचित उघडला, डोळ्याला दिसेल इतका वाकला आणि तिथेच थांबला. मी वजनं उतरवली तसा तो होता तसा झाला. ते बघून मला कॉलेजातल्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त कळलं. चांगलं लोखंड आधी वाकतं, माणसाला सांगतं की बाबा, आता पुरे. आमचं ओतीव लोखंड काही सांगत नाही. एकदम तुटतं.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पायात चपला होत्या का तुझ्या, त्याला हात लावलास तेव्हा?"

* * *

पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं, ते महाडकरांना नवीन नाही. सामान माळ्यावर चढवायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची. त्या वर्षी तयार माल माळ्यावर चढवायचा राहिला. दोन दिवस क्लॅम्प गाळात. वर काढले तर तांबूस, आट्यांत चिखल.

मी म्हटलं, "स्क्रू काढून, आटे घासून, तेल लावायला हवं."

दाजी म्हणाले, "रंग मारू."

आणि मारला! हिरवा, चकचकीत, स्क्रूसकट. गंजावर रंग, चिखलावर रंग.

पंधरा दिवसांनी हिरकणीवाडीची एक आजी एस.टी.ने आली. नवरा सुतार, गुडघे धरलेले म्हणून घरी, आणि मुलगा मुंबईला. हातातल्या फडक्यात क्लॅम्प. तो तिने अण्णांच्या टेबलावर असा आपटला की टेबलावरचा चहा सांडला.

"शेट, ह्यो तुमचा शिकंजा फिरत नाय."

अण्णा गोड हसले. "आजी, नवीन आहे ना. हळूहळू मोकळा होईल. थोडा जोर लावायचा."

"जोर लावला ना! म्हाताऱ्यान लावला, मी लावला, शेजारचा रेडा तेवढा ऱ्हायला! आनी फिरला नाय तो नाय, वर आमच्या नव्या पाटाला हिरवा रंग लागला. लाकूड धरायचा सोडून ह्यो रंगच सोडतो!"

अण्णांनी तिला बदलून दुसरा दिला. तोही हिरवाच. ती दारातून माझ्याकडे वळून म्हणाली, "गो पोरी, तू शिकलेली दिसतेस. मंग हितं गप का बसलीस?"

बाकीच्यांचे टोमणे मी विसरते. हा विसरले नाही.

* * *

लेथवर गौतमदादा आहे. सगळ्या कारखान्यात हात चालणारा आणि डोकंही चालणारा माणूस एकच, तो हा. तो स्क्रूचे आटे पाडतो आणि त्याच्या आट्यांना कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. पण आटे कितीही चांगले असले तरी सांगाडा दाजींच्या भट्टीचा!

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं जमतात, तेव्हा गौतमदादा दोन दिवस रजा घेतो. रजा म्हटली की दाजींचं तोंड दरवर्षी वाकडं होतं. "भट्टी काय रजा घेते?" असं म्हणतात. गणपतीला स्वतः आठ दिवस गावी बसतात, तेव्हा भट्टी काय करते, ते मात्र विचारायचं नाही!

त्या वर्षी त्याच्या वाडीची मंडळी एक लहान स्टेज बांधणार होती. त्याने अण्णांकडे फळ्या आवळायला सहा क्लॅम्प मागितले. अण्णा उदार झाले. "ने की! आणि सगळ्यांना सांग, कुणाचे आहेत ते."

तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा परत. एकावर ओरखडा नाही. अण्णा खूश. दाजींकडे बघून म्हणाले, "बघितलंत? एवढी माणसं स्टेजवर चढली-उतरली, आपला एक क्लॅम्प हलला नाही!"

गौतमदादा शांतपणे लेथ पुसत होता. म्हणाला, "हलतील कशे, अण्णा? वर मानसं हुबी ऱ्हानार होती. म्हनून मी काथ्यानं बांधलं."

* * *

आता यापुढचं सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे!

एका दुपारी गौतमदादा ड्रिलच्या टेबलावर लोखंडाची पट्टी आवळत होता. धरायला अर्थात आमचाच क्लॅम्प. शेवटचा पाव फेरा राहिला असेल, नसेल. कडाड! सांगाड्याचा तुकडा उडाला आणि त्याच्या डाव्या भुवईवर बसला. रक्त असं, की डोळा आहे की नाही ते दिसेना. मी पदर दाबून धरला, कोळशाचा टेम्पो बाहेर उभाच होता, त्यात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "बोटभर खाली असता तर डोळा गेला होता."

पण मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. तुकडा उडाला तेव्हा शेडमध्ये आम्ही चौघं होतो. मी गौतमदादाकडे धावले. अण्णा खुर्चीतून उठले आणि ओरडले, "जास्त आवळलास काय रे?" आणि दाजी? दाजी तुकडा शोधायला धावले! रक्त जमिनीवर टपकतंय आणि हा म्हातारा टेबलाखाली वाकून तुटलेला क्लॅम्प गोळा करतोय, भंगारात टाकायला!

परत आल्यावर मी भंगाराचा ढीग उपसला. तो तुकडा मिळाला. तुटलेल्या जागी मिरीएवढा पोकळ खड्डा आणि आत साच्याची काळी वाळू. भट्टी पुरती तापायच्या आधी लोखंडाचा रस साच्यात ओतला की असं होतं. ते दाजींना माहीत, अण्णांना माहीत, आता मलाही माहीत. मी तो अण्णांच्या नाकासमोर धरला.

"त्याने जास्त आवळला असेल," अण्णा म्हणाले.

"क्लॅम्प आवळायलाच असतो, अण्णा! तो काय गळ्यात घालायचा दागिना आहे?"

"मोठ्यांशी बोलायची ही रीत?"

दुसऱ्या दिवशी भट्टीला दृष्ट लागली म्हणून नारळ फोडायचा ठरला. दाजींनी तो एका तयार सांगाड्यावरच आपटला. नारळाला काही झालं नाही, सांगाड्याचे मात्र दोन झाले!

गौतमदादा डोक्याला पट्टी बांधून आला होता. तो एकटाच हसला. मीही हसले असते, पण दात-ओठ खाताना हसता येत नाही.

* * *

त्या दिवसापासून मी लिहायला लागले. वहीच्या मागच्या पानापासून, उलटी. कुठल्या दिवसाच्या भट्टीचा सांगाडा, कितव्या वजनाला तुटला, खड्डा कुठे होता. महिनाभर.

एका सकाळी बघते तर वही हलकी. मागची पानं फाडलेली. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते.

"अण्णा, पानं कुठे गेली?"

"भट्टी पेटवायला कागद नव्हता," ते वर्तमानपत्रावरून डोळे न काढता म्हणाले. समोर अख्खं वर्तमानपत्र, बाजूला जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी, आणि कागद नव्हता!

* * *

आणि मग पोलादपूरचे सावंत आले.

पोलादपूरला सुतारांची एक सोसायटी आहे. दारं-खिडक्या आणि शाळांचे बाक बनवतात. सावंत त्यांचे पुढारी. स्वतः सुतार, हाताची दोन बोटं अर्धी गेलेली. त्यांना सगळ्या वर्कशॉपसाठी क्लॅम्प घ्यायचे होते. माणूस सावध. अण्णांना म्हणाले, "माल बरा दिसतो. पन आमच्याकडं तीस-पस्तीस हात कामाला हायत. कुनीतरी शिकलेल्यानं तपासून लिवून दिलं, तर मला मीटिंगमधी दाखवता येईल."

अण्णा हसले. "घरचीच बी.एस्सी. आहे आमची! तिच्याच सहीनं देतो."

तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून कागद टाइप होऊन आला. मजकूर असा की सर्व क्लॅम्प तपासले असून ते विलायती क्लॅम्पच्या बरोबरीचे आहेत, तपासणीत एकही तुटला नाही. खाली माझं नाव, पुढे बी.एस्सी., आणि सहीसाठी मोकळी जागा. मला एका शब्दानं विचारलेलं नाही!

सावंत खुर्चीत बसले होते. त्यांच्यासाठी मुद्दाम चहा मागवलेला. दाजी भट्टीपाशी. अण्णांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

"कर सही."

"मी सही करणार नाही."

अण्णा सावंतांकडे बघून हसले. "पोरीची जात, लाजते."

"लाजत नाही, अण्णा. मी सही करणार नाही."

मग अण्णांचा आवाज खाली आला. "सुमे, तुला कॉलेजात कुणी पाठवलं? तुझ्या बापानं की मी? आल्यागेल्यासमोर मोठ्यांचं नाक कापायला शिकवलं का तिथं?"

दाजी आले. "गो, एक सही तर करायची. शेट सांगतात, तू करायची. इचार करायला आमी हाव ना!"

सावंत गोंधळले. "काय झालं? मालात काही हाय का?"

"काही नाही हो," अण्णा म्हणाले. "माल शंभर टक्के."

मी तयार मालाच्या पेटीतून हाताला येईल तो एक क्लॅम्प काढला. अण्णांच्या टेबलापुढेच माझा ओंडका ओढून आणला, त्यावर क्लॅम्प लावला, दांडीला पाइप अडकवला.

"काय चाललंय?" अण्णा म्हणाले.

"तपासते. सही करायची तर तपासायला नको?"

आणि मी आवळायला सुरुवात केली. एक फेरा. सावंत उठून जवळ आले. सुताराचा स्वभाव, वाकून आट्यांकडे बघायला लागले. दुसरा फेरा. लाकूड करकरलं. दाजी एक पाऊल मागे सरले. मी पाइपवर दोन्ही हातांनी भार दिला. तिसरा फेरा. अण्णा उठले, टेबलाला वळसा घालून दाराच्या बाजूला गेले. गौतमदादाने लेथ बंद केला आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "सावंतकाका, तोंड बाजूला घ्या."

सावंतांनी तोंड वर केलं. एकदा गौतमदादाच्या भुवईवरची खूण बघितली. मग वळून मागे पाहिलं.

दाजी शेडच्या दाराबाहेर उभे होते. अण्णा दाराच्या आत, पण उघडलेलं लोखंडी दार त्यांनी अंगापुढे ओढून धरलं होतं.

मी पाइप तसाच धरून थांबले. क्लॅम्प तुटलेला नव्हता.

सावंतांनी अगदी साधेपणानं विचारलं, "अण्णा, तुमी दोघं तिकडं का गेलात?"

अण्णांनी दाजींकडे बघितलं. दाजींनी अण्णांकडे. टेबलावर कागद होता, चहा होता, उघडं पेन होतं.